मोठ्या पुलांचं काम: आधी डिझाइन ऑफिसला जावं की साइटवर?

प्रश्न डिचोलीच्या एका मुलीचा आहे. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सिव्हिल झाली, आणि आता हातात नोकरीची दोन पत्रं आहेत. एक पुण्यातल्या पुलांच्या डिझाइन ऑफिसचं, दुसरं खाडीवरच्या पुलाच्या साइटचं. ती विचारते, “रस्त्याचे आणि रेल्वेचे मोठे पूल डिझाइन करणं आणि त्यांचं बांधकाम सांभाळणं म्हणजे नेमकं काय काम असतं? आणि मी आधी कुठे जाऊ?”

दुसऱ्या भागाचं उत्तर लगेच देतो. आधी साइटवर जा, आणि मागता येत असेल तर पायाचं काम मागून घ्या. हे का सांगतोय ते समजायला पहिल्या भागाचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल.

५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा मी म्हापशाला बारावीत होतो. हा पूल १९७० चा, म्हणजे अवघा सोळा वर्षांचा. पणजीला क्लासला जायचं तर बेतीच्या धक्क्यावर पावसात फेरीबोटीची वाट बघत उभं राहायचं. डोक्यावर छत्री, पुढे शेकडो माणसं, आणि समोर पाण्यात पुलाचे उरलेले खांब. सिव्हिलला जायचं मी तिथे ठरवलं. पुढे शिकताना कारण कळलं: काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी केबल खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. ज्या पोलादाच्या ताणावर सगळा भार पेलला जातो तेच आतल्या आत झिजत गेलं, आणि वरून रस्ता नेहमीसारखा दिसत राहिला.

पुलाचं आयुष्य ज्या गोष्टींवर ठरतं त्या सगळ्या पूल उभा राहिला की झाकल्या जातात. पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाचा तळ, सळईवरचं काँक्रीट, केबलच्या पाइपमधला सिमेंटचा घोळ, बेअरिंगखालची (गर्डर ज्या उशीवर टेकतो तिच्याखालची) जागा. डिझाइन करणाऱ्याने या गोष्टी नीट करता येतील असा पूल काढायचा, आणि बांधकाम सांभाळणाऱ्याने झाकल्या जाण्याआधी त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. आमच्या कामाचा गाभा मला तरी हाच वाटतो. बाकीचं बरंचसं आता सॉफ्टवेअर करतं.

सुरुवात जमिनीपासून होते. मांडवी आणि झुआरी या समुद्राला मिळणाऱ्या भरतीच्या नद्या. पात्रात मऊ, काळी सागरी माती खोलवर साचलेली, तिच्याखाली कुजलेला खडक, आणि त्याच्याखाली कुठेतरी खरा खडक. हा “कुठेतरी” पन्नास मीटरच्या अंतरात दहा मीटर वर-खाली होऊ शकतो. म्हणून प्रत्येक खांबाच्या जागी निदान एक बोअर, म्हणजे जमीन तपासायचं खोल भोक, घ्यावंच. बोअरचे पैसे वाचवणारा पुढे पाइल लांबवण्यात त्याच्या कितीतरी पट घालवतो. गोव्यात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे खाजन जमिनी, भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल, दलदलीच्या. पुलाचे जोडरस्ते बहुतेक वेळा खाजनातूनच जातात. अशा जमिनीवर सहा-सात मीटरचा मातीचा भराव टाकला की तो वर्षानुवर्षं खचत राहतो. खचताना खालची मऊ माती बाजूला ढकलली जाते, ती शेजारच्या पाइलना आडवी रेटते आणि खाली ओढतेही. नकाशावर हे कुठेच दिसत नाही. मग पूल जिथे संपतो तिथे गाडीला गचका बसायला लागतो आणि लोक डांबरवाल्याला दोष देतात. उपाय दोनच: जमिनीत उभ्या निचरा-पट्ट्या घालून, वर जादा माती चढवून, वेळ देऊन ती आधीच खचू द्यायची, नाहीतर भराव सोडून खांबांवरचा रस्ता लांबवायचा. पहिल्याला वेळ लागतो, दुसऱ्याला पैसा. पणजी ते रायबंदर हा चिऱ्याचा सव्वातीन किलोमीटरचा पोंते द लिन्यारिश १६३४ पासून असल्याच दलदलीवर उभा आहे. त्याच्यावरून जाताना गाडीचा वेग जरा कमी करा. ठेंगणा, जड, कमानी कमानींचा, आणि जमिनीच्या मर्जीने बांधलेला.

मग गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, किती लांब ठेवायचा ते ठरतं. आपल्या नद्यांतून खनिजाच्या बार्ज चालत आल्या आहेत, त्यामुळे मधल्या गाळ्याची रुंदी आणि उंची बंदर कप्तान खात्याला विचारल्याशिवाय ठरत नाही. भरलेली बार्ज ओहोटीच्या ओढीत सुटली आणि खांबाला धडकली तर? तो धक्का डिझाइनमध्ये धरावा लागतो. पात्रात खांब कमी हवेत, पाणी खोल आहे, खाली मऊ माती आहे, मग गाळा वाढतो आणि गाडी केबलच्या पुलापर्यंत येते, म्हणजे उंच टॉवरवरून तिरक्या केबलनी रस्ता टांगलेल्या पुलापर्यंत. मांडवीवरचा २०१९ चा अटल सेतू आणि झुआरीवरचा नवा पूल या वाटेने गेले. केबलचा पूल शोभेसाठी निवडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे साठ मीटरच्या गाळ्यांनी भागतं तिथे साधा बॉक्स गर्डर (आतून पोकळ, पेटीसारखी तुळई) घालावा, तो तपासायला आणि दुरुस्त करायला सोपा असतो.

रेल्वेचं गणित वेगळं. माझी पहिली साइट कोकण रेल्वेची, १९९१ सालची. रस्त्याच्या पुलावर नेहमीच्या हिशोबात धरलेली सगळ्यात जड चाकांची गाडी शंभर टनांची, पण ती रोज येत नाही आणि आली तरी रस्त्याच्या रुंदीत कुठूनही जाते. आगगाडी मात्र त्याच दोन रुळांवरून, त्याच जागी, पंचवीस टनांचे अॅक्सल एकामागून एक टाकत जाते, दिवसातून अनेकदा, शंभर वर्षं. म्हणून रेल्वेत ताकदीइतकीच थकव्याची, म्हणजे पुन्हा पुन्हा भार येऊन पोलाद तडकण्याची काळजी. पोलादी गर्डरमध्ये वेल्ड कुठे संपतो, कोपरा गोल आहे की टोकदार, यावर गर्डर तीस वर्षांनी तडकणार की नाही ते ठरतं. ब्रेक लावल्यावर अख्खी गाडी पुलाला लांबीच्या दिशेने ढकलते. सलग वेल्ड केलेले रूळ उन्हात प्रसरण पावतात, पूलही पावतो, पण दोघं सारखे नाहीत. त्या ओढाताणीचा हिशोब वेगळा करावा लागतो. उघडण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्त स्वतः तपासणी करतात. तरुण माणसाला शिस्त शिकायला रेल्वेसारखी जागा नाही. रत्नागिरीजवळ पणवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल एका टोकाला तुकडा ओतायचा, पुढे सरकवायचा, पुन्हा ओतायचा अशा पद्धतीने दरीवर ढकलत नेला. ते बघायला मी रजा टाकून गेलो होतो.

आता खारेपणा. समुद्राच्या पाण्यात कायम बुडालेलं काँक्रीट त्या मानाने सुरक्षित असतं, कारण तिथे प्राणवायू कमी पोचतो. खरी मारामारी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर जिथे लाटांचे शिंतोडे उडतात तिथे. ओलं होतं, वाळतं, मीठ आत राहतं, पुन्हा ओलं होतं. हे मीठ वर्षावर्षाने आत सरकत सळईपर्यंत पोचलं की गंज सुरू. गंजाला पोलादापेक्षा जागा जास्त लागते, तो आतून काँक्रीट फोडतो. पुलाचं आयुष्य आपल्या संहितेत शंभर वर्षं धरलंय, आणि सगळ्यात कठोर परिस्थितीसाठी सळईवर ७५ मिलिमीटर काँक्रीट आणि निदान एम-४५ प्रत मागितली आहे. ऑफिसात ७५ लिहायला एक सेकंद लागतो. साइटवर त्यासाठी सळयांच्या पिंजऱ्याला दर मीटरवर चांगल्या काँक्रीटचे ब्लॉक बांधावे लागतात, व्हायब्रेटरच्या (काँक्रीट हलवून घट्ट बसवणाऱ्या यंत्राच्या) धक्क्याने ते सरकू नयेत हे बघावं लागतं, आणि सळई बांधणाऱ्या मुकादमाला हे का करायचं ते समजावावं लागतं. समजलं की तो स्वतः राखतो, हा माझा अनुभव आहे. डिझाइनमध्ये एका जागी इतक्या सळया कोंबल्या की व्हायब्रेटरची सुईच जात नाही, तर मग त्या ७५ मिलिमीटरला काही अर्थ उरत नाही. असं चित्र काढणाऱ्याने एकदा तरी त्या पिंजऱ्यात हात घालून बघितलेला असावा.

वेळापत्रक इथे पाऊस ठरवतो. ऑक्टोबर ते मे धरले तर २४३ दिवस हातात येतात. समजा पात्रात बारा खांब, प्रत्येकाखाली आठ पाइल, म्हणजे शहाण्णव पाइल. एका रिगला, म्हणजे पाइल खोदायच्या यंत्राला, एक पाइल तीन दिवसांत होते असं धरलं तर २८८ दिवस लागतात. एका रिगने एका मोसमात पाण्यातलं काम उरकत नाही. दोन लावल्या तर १४४ दिवस, मग पाइल कॅपला (पाइलच्या डोक्यांवर ओतलेल्या, खांब पेलणाऱ्या ठोकळ्याला) वेळ मिळतो, कारण ३१ मेच्या आत कॅप आणि खांब पाण्यावर यायला हवेत. त्यातून दिवाळी वजा करा, आणि मजूर झारखंड, बिहार, बंगालचे असतात, ते छठला आणि होळीला गावी जातात, तेही वजा करा. वेळापत्रकात हे दिवस न धरणारा मॅनेजर मेमध्ये रात्रपाळ्या लावतो, आणि लपणारी कामं नेमकी त्याच रात्री बिघडतात.

भरतीचं वेळापत्रकही तेवढंच महत्त्वाचं. मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता माझ्या टेबलावर कायम असतो. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून पाण्याच्या पातळीवरचं काम करणारी पाळी घड्याळाने लावून चालत नाही. कॅपच्या तळाचं काँक्रीट भांगाच्या दिवसांत घ्यायचं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नाही. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. आगशीच्या एका खारव्याने सांगितलं, तेही मी एक शटरिंग (काँक्रीटचा साचा) उधाणात घालवल्यावर.

आता पाइल. पोलादी लायनर (मोठा नळा) उतरवला, माती काढली, खडकात ठरलेली खोली खोदली, सळईचा पिंजरा सोडला. काँक्रीट ओतायच्या आधी तळ धुवावा लागतो, नाहीतर खडक आणि पाइल यांच्यामध्ये गाळाची गादी राहते. तपासायचं साधन अगदी साधं: दोरीला बांधलेलं वजन. ते सोडून तळ ठोकायचा. खडक असला तर हाताला टणक ठोका लागतो, दोरी एकदम सैल पडते. गाळ असला तर वजन कुठे टेकलं तेच कळत नाही. हा फरक हाताला कळायला शंभर वेळा ठोकावं लागतं. मग ट्रेमी पाइपने (तळापर्यंत सोडलेल्या नळीने) खालून वर काँक्रीट भरायचं, पाइपचं तोंड कायम दीड-दोन मीटर काँक्रीटमध्ये बुडालेलं ठेवायचं. ते एकदा जरी वर उचललं गेलं की पाइलमध्ये चिखलाचा थर बसतो, आणि तो थर वरून कधीच दिसणार नाही.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते केबलच्या ग्राउटिंगबद्दल, म्हणजे केबलचे पाइप सिमेंटच्या घोळाने भरण्याबद्दल. १९८६ मुळे असेल.

गर्डर ओतताना आत पाइप ठेवलेले असतात. काँक्रीट पक्कं झालं की त्यातून स्ट्रँड (पोलादी तारांचे पीळ, यांचीच केबल होते) ओवतात, जॅकने ताणतात, टोकांना अडकवतात. त्यानंतर, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत, पाइपमधली उरलेली जागा सिमेंट आणि पाण्याच्या घोळाने गच्च भरायची. स्ट्रँडचं गंजापासून रक्षण करणारी हीच शेवटची भिंत. काम पहाटे करायचं, उन्हाच्या आत, पाणी गार हवं. उन्हाळ्यात आम्ही बर्फ घालतो. खालच्या टोकाने पंप लावायचा आणि वरच्या तोंडाशी एक माणूस हाताचा पंजा धरून बसतो. आधी नुसतं पाणी येतं. मग फेस. मग पांढुरका पातळ घोळ, तो वाहू द्यायचा, थांबायचं नाही. मग घावनाच्या पिठासारखा, बोटाला धरून राहणारा, आणि खालून जाणाऱ्यासारखाच दाट असा घोळ आला की तोंड बंद. मग दाब चढवून मिनिटभर धरायचा.

कोकण पट्ट्यातल्या एका पुलावर मी प्रोजेक्ट मॅनेजर होतो. रात्री ग्राउटिंगच्या नोंदवह्या वाचायची माझी सवय. एका केबलसमोर “सिमेंट ४ पोती” असं लिहिलेलं. पाइप आतून १०० मिलिमीटरचा, चाळीस मीटर लांब, आत एकोणीस स्ट्रँड. स्ट्रँडची जागा वजा केली तर साधारण २०८ लिटर भरायला हवं. पन्नास किलोच्या पोत्यात वीस लिटर पाणी घातलं की छत्तीस लिटरच्या आसपास घोळ होतो. म्हणजे जवळजवळ सहा पोती लागायला हवी होती. चार पोत्यांत १४४ लिटर. चौसष्ट लिटर कमी, म्हणजे बारा मीटर पाइप रिकामा. दुसऱ्या दिवशी अगदी जपून वरच्या बाजूने भोक पाडलं, आत कॅमेऱ्याची नळी घातली. स्ट्रँड कोरडे, चकचकीत, आजूबाजूला काही नाही. मधलं एक तोंड चोंदलं होतं, पंपाचा दाब वाढलेला दिसला आणि पाइप भरला असं समजून टोळीने काम थांबवलं होतं. आम्ही निर्वात पंप लावून तो भाग पुन्हा भरला, आणि त्या गर्डरच्या बाकीच्या सगळ्या केबलचा पोत्यांचा हिशोब केला. आणखी एक निघाली.

ती वही लिहिणारा पोरगा पाळीवर नवा होता. तो घाबरला होता, आपल्याला काढतील म्हणून. मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, कारण त्याने चार पोती लागली तर चारच लिहिली होती. वरच्याने “सहा लिही” म्हटलं असतं आणि त्याने लिहिलं असतं तर ती केबल आजही रिकामी असती. बांधकाम सांभाळणं म्हणजे काय असं तुम्ही विचारलंत. माणसं खरा आकडा लिहायला घाबरणार नाहीत अशी साइट ठेवणं, आणि लिहिलेला आकडा त्याच रात्री वाचणं. माझ्या मते हे निम्मं काम आहे.

उरलेल्या निम्म्यात कागद खूप असतात, ते थोडक्यात सांगतो. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी, खारफुटीची, कोमुनिदादच्या (गावाच्या सामूहिक मालकीच्या) जमिनीची, वीज-पाण्याच्या लाइन हलवण्याची. दुसऱ्या डिझायनरकडून सगळ्या हिशोबाची स्वतंत्र पडताळणी. कंत्राटाची पत्रं, ज्यांना सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर पुढे लवादात उभं राहावं लागतं. हे शिकता येतं, वेळ लागतो.

केबलच्या पुलावर एक काम फार सुंदर असतं. टॉवरच्या दोन्ही बाजूंनी रस्ता तुकड्यातुकड्याने पुढे जातो आणि प्रत्येक तुकड्याला केबल ताणायची असते. किती ताणायची ते रस्त्याची पातळी मोजून ठरतं. ऊन पडलं की केबल तापून लांबते, रस्त्याचा वरचा भाग तापून तो वाकतो, आणि मोजमाप खोटं ठरतं. म्हणून मोजणी सूर्योदयाआधी, सगळा पूल एका तापमानाला असताना. पहाटे साडेचारला खाडीवर दोन्ही बाजूंना टॉर्च आणि लेव्हल घेऊन माणसं उभी, खाली मासेमारीच्या होड्यांचे दिवे, आणि वॉकीटॉकीवर मिलिमीटरचे आकडे.

पूल झाल्यावर भाराची चाचणी होते. भरलेले ट्रक उभे करून वाक मोजायचा, भार काढून चोवीस तासांनी पुन्हा मोजायचा. ताणलेल्या काँक्रीटचा गाळा निदान ८५ टक्के तरी परत वर आला पाहिजे. आणि मग सगळे पुलाला विसरतात. १९८३ च्या जुन्या झुआरी पुलावर पुढे अनेक वर्षं जड वाहनांना बंदी घालावी लागली आणि ट्रक बोरीवरून वळसा घालत राहिले. सावर्ड्याचा पोर्तुगीज काळातला पादचारी पूल वापरायला बंद केलेला होता, तरी मे २०१७ मध्ये बघ्यांची गर्दी त्यावर चढली आणि तो कोसळून माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुंबई-गोवा महामार्गावरचा महाडचा सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला, दोन एसटी बस प्रवाशांसकट गेल्या. धोकादायक पूल नुसता फलक लावून बंद करता येत नाही. तो भिंत घालून बंद करावा लागतो, किंवा पाडावा लागतो. याबाबत मी कोणाशीही तडजोड करायला तयार नाही.

डिझाइन करताना म्हणूनच विचारा: वीस वर्षांनी हे बेअरिंग बदलायचं तर जॅक कुठे लावणार? बॉक्सच्या आत माणूस शिरेल का? पावसाचं पाणी स्पाउटमधून पडताना खालच्या खांबाच्या माथ्यावर तर पडत नाही ना? ही उत्तरं कागदावरच देता येतात. नंतर द्यायची तर दसपट खर्च.

तर, दोन वर्षं साइट. पहिलं वर्ष पाइल आणि कॅप, दुसरं वर्ष केबल आणि ग्राउटिंग. ऑफिस, बिलिंग यांत अडकवू लागले तर स्पष्ट नाही म्हणा. साइटवर बायकांसाठी स्वच्छतागृह आणि रात्रपाळीला गाडी आहे का हे रुजू होण्याआधी लेखी विचारा. अजूनही सगळीकडे नसतात, आणि मागितल्याशिवाय होत नाहीत. रोज एक हिशोब हाताने करा, पोत्यांचा का असेना. मग पुण्याला जा. तिथे संगणकावर सळई ओढताना तिच्यापर्यंत व्हायब्रेटर पोचेल का हे तुम्हाला आपोआप दिसेल, आणि तुमच्या शेजारी बसलेल्या दहा जणांना ते दिसणार नाही.

रुजू होण्याआधी एक काम करा. तक्ता बघून ओहोटीच्या वेळेला बेतीच्या फेरीत बसा आणि पुलांकडे वरून नाही, खालून बघा. खांबावर भरतीच्या रेषेच्या वर कुठे तांबूस ओघळ आहेत का, कुठल्या स्पाउटमधून उगवलेलं झाड आहे, सांध्याखाली ओल आहे का. फोटो काढू नका, वहीत चित्र काढा आणि तारीख घाला. पुढच्या वर्षी चतुर्थीला घरी याल तेव्हा तीच वही घेऊन पुन्हा फेरीत बसा, आणि काय बदललं ते मला इथे कळवा.